संशयित फिल्मची पारख

दफ्तरांतील मूळ कागद नष्ट झाला आणि त्याची छायाचित्रित प्रत तेवढी मागें राहिली, असा प्रसंग आतां आपल्यापैकीं पुष्कळांवर येतो. वाळवी, पूर, वांटणीचीं भांडणें व रद्दीवाला हे चौघे मिळून काय करतात, त्याचें वर्णन या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें करण्याचें कारण नाहीं. अशा वेळीं निगेटिव्ह हीच अस्सल होऊन बसते, व अस्सलास जे प्रश्न आपण विचारतों तेच तिलाहि विचारणें प्राप्त होतें : कागद कोणता, शाई कोणती, हात कोणाचा, मागाहून कांहीं भर पडली आहे काय? पैकीं शेवटचा प्रश्न फिल्मच्या बाबतींत फारसा कोणी विचारीत नाहीं. छायाचित्र खोटें बोलत नाहीं असा आपला एक भाबडा समज आहे. फिल्म खोटें बोलते. कारखान्यांत बिघडली असेल तर बोलते, वाटेंत उन्हांत पडली असेल तर बोलते, आणि आपल्याच हातून धुतांना बिघडली तरीहि बोलते. यांपैकीं काय घडलें हें कसें ओळखावें, आणि ज्या मालाविषयीं संशय आला त्याचें काय करावें, एवढ्यापुरताच हा लेख आहे. हल्लीं बहुतेक संग्रहांतून डिजिटल कॅमेऱ्यानेंच प्रती घेतात हें खरें. पण मागील पाऊणशें वर्षांतील निगेटिव्ह व मायक्रोफिल्म आपल्या कपाटांत पडून आहेत, आणि फिल्मवरच काम करणारे कांहीं जुन्या वळणाचे लोकहि आहेत. प्रस्तुत लेखक त्यांतलाच एक.

आरंभीं एक उदाहरण देतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका मोडी पत्राची मिती मी छायाचित्रावरून वाचीत होतों. महिना स्पष्ट होता, 'छ' स्पष्ट होता. पुढें २ चा आंकडा व त्याच्या उजवीकडे एक काळा ठिपका. बोरूनें भरभर लिहिणाऱ्या कारकुनाचें शून्य शाईनें भरून जाऊन पुष्कळदां नुसता ठिपकाच उरतो, हें मोडी वाचणारास सांगावयास नको. तेव्हां मीं '२०' वाचलें. अठरा दिवसांच्या या फरकावर तें पत्र एका वाटाघाटीच्या आधींचें कीं नंतरचें हें अवलंबून होतें, व नंतरचें ठरल्यास माझ्या एका आवडत्या अनुमानास बळकटी येत होती. (आवडतीं अनुमानें हीं ठिपक्यांवर फार लवकर विश्वास ठेवतात.) मूळ कागद पाहावा, तर ज्या घरांत तो होता तें घर पडून पंधरा वर्षें लोटलीं होतीं. शेवटीं निगेटिव्ह मागवून दुधी कांचेवर ठेवली व भिंगांतून पाहिली. निगेटिव्हवर काळीं अक्षरें उजळ दिसतात, पण तीं अगदीं निर्मळ पारदर्शक नसतात. काळी शाई झाली तरी थोडासा प्रकाश परत फेंकतेच, व तितकी चांदी त्या जागीं जमलेली असते. त्या आंकड्याच्या रेघेंत ती पुसट करडी छटा होती. ठिपक्यांत मात्र मुळींच नव्हती. दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीवर प्रकाश पडलेला नसतो, तरी तेथेंहि लेपाचा किंचित् धूसरपणा असतो. हा ठिपका त्या पट्टीहूनहि स्वच्छ होता. म्हणजे त्या जागीं फिल्मवर लेपच नव्हता. त्याच रिळावर पत्राच्या कोऱ्या समासांत तसलींच सातआठ छिद्रें सांपडलीं, आणि त्याच खेपेच्या आणखी दोन रिळांवरहि. मिती '२' ठरली, अनुमान गेलें.

आतां ही खेप म्हणजे काय, तें थोडक्यांत पाहूं. फिल्म एकेक रीळ अशी सुटी तयार होत नाहीं. चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण जिलेटिनांत मिसळून केलेला लेप, ज्यास इमल्शन म्हणतात, तो एका वेळीं ठराविक प्रमाणांत शिजवितात आणि सुमारें चार-साडेचार फूट रुंद व हजारों फूट लांब अशा पारदर्शक पट्ट्यावर चढवितात. वाळल्यावर तो पट्टा उभा चिरून अरुंद फिती काढतात, त्यांच्या कडांस भोंकें पाडतात, आणि तुकडे करून रिळें भरतात. एका वेळच्या या सगळ्या मालास कारखानदार 'बॅच' म्हणतात. आपल्याकडील हलवाई त्यास घाणा म्हणेल, व मीहि तोच शब्द वापरतों. कारण पीठ बिघडलें तर त्या घाण्यांतील एकहि जिलबी नीट निघत नाहीं, हा अर्थ त्यांत आयताच आला आहे. खोक्यावर मुदतीच्या तारखेशेजारीं जो आंकडा छापलेला असतो तो या घाण्याचा. पोथीच्या पुष्पिकेस जें महत्त्व, तेंच फिल्मच्या बाबतींत या आंकड्यास आहे. आणि आपण रीळ बाहेर काढतांच खोकें फेंकून देतों, म्हणजे पुष्पिकेचें पान फाडून टाकून पोथी कपाटांत ठेवण्यासारखेंच झालें. मात्र घाण्याचा आंकडा एक असला म्हणजे दोषहि सर्वत्र एक असेलच असें नाहीं. लेप शिजवितांना चुकला तर सगळा घाणा वाईट. पण चिरण्याच्या यंत्रावर एका ठिकाणीं खडा असेल तर तेवढ्याच फितीस ओरखडा येतो, व शेजारची फीत निर्दोष राहते. म्हणून मित्राकडील त्याच आंकड्याचें रीळ चांगलें निघालें एवढ्यावरून आपल्या रिळास निर्दोष ठरवितां येत नाहीं, व याच्या उलटहि नाहीं.

दोष कोठें उत्पन्न झाला हें ओळखण्यास अंतरें मोजण्यासारखें दुसरें साधन नाहीं. त्यास मोजपट्टी व थोडा धीर एवढेंच लागतें. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका चौकटीच्या आरंभापासून दुसरीच्या आरंभापर्यंतचें अंतर ३८ मिलिमीटर असतें, म्हणजे ४.७५ मिलिमीटर अंतराचीं आठ भोंकें. डाग दर ३८ मिलिमीटरांनीं त्याच जागीं येत असेल तर त्याचा उगम कॅमेऱ्यांत आहे, फिल्मला बोल लावूं नये. कारखान्यांतील एखाद्या रुळावर कण चिकटला असेल तर त्याचाहि ठसा समान अंतरानें पुन:पुन्हां उमटतो, पण तें अंतर चौकटीशीं जुळत नाहीं. त्या अंतरास ३.१४ नें भागिलें म्हणजे रुळाचा व्यास निघतो, आणि तेवढ्या व्यासाची वस्तु आपल्या कॅमेऱ्यांत किंवा धुण्याच्या भांड्यांत कोठेंच नाहीं अशी खात्री झाली कीं कारखान्याकडे बोट दाखविण्यास आधार मिळतो. तिसरा प्रकार असा कीं डाग पुन:पुन्हां येतात, पण त्यांमधील अंतर रिळाच्या बाहेरच्या टोंकाकडून आंतल्या टोंकाकडे क्रमाक्रमानें कमी होत जातें. हा प्रकार फार बोलका आहे. गुंडाळलेल्या रिळाचा बाहेरचा वेढा मोठा व आंतला लहान. तेव्हां अंतर त्या क्रमानें घटत असेल तर अपघात झाला त्या वेळीं फिल्म गुंडाळलेली होती, म्हणजे तो पेटींत, दुकानांत, आगगाडींत किंवा आपल्याच घरांत झाला. आणि कांहींच क्रम नसेल तर धूळ, धुतांना चिकटलेले हवेचे बुडबुडे किंवा लेपांतील छिद्रें, यांपैकीं कांहीं तरी असावें. यांतील धुळीचा ठिपका कोऱ्या पट्टीइतकाच उजळ असतो, छिद्राचा त्याहून उजळ. बुडबुड्याचा ठिपका वाटोळा व बराच मोठा असून पुष्कळदां त्यांत पुसट चित्र दिसतें.

फिल्मच्या लांबीला धरून उभी रेघ गेलेली असली तर ती लेप चढवितांना पडली कीं कॅमेऱ्यांत घांसून पडली, हा वाद नेहमीं होतो. त्यावर एक चांगला साक्षीदार आहे. फिल्मचें शेपूट, म्हणजे आंतल्या दांडीस चिकटविलेला शेवटचा तुकडा, कॅमेऱ्याच्या खिडकीपर्यंत कधींच पोहोंचत नाहीं. रेघ त्या शेपटावरहि गेली असेल तर कॅमेरा निर्दोष. आपले छायाचित्रकार हें शेपूट कापून टाकतात. कापूं नये. कोरड्या हवेंत रीळ झपाट्यानें गुंडाळलें असतां विजेच्या ठिणग्या उडून पारंब्यांसारख्या फांटे फुटलेल्या रेषा उमटतात. त्या एकदां पाहिल्या म्हणजे पुन्हां ओळखण्यास चुकत नाहींत, म्हणून त्यांविषयीं अधिक लिहीत नाहीं.

दुसरा साक्षीदार फिल्मच्या कडेवरचा. कारखान्यांतच फिल्मच्या कडेवर नांव व चौकटींचे आंकडे प्रकाशानें छापलेले असतात आणि आपण फिल्म धुतों त्याच वेळीं तेहि प्रकट होतात. त्यांच्याशीं आपल्या कॅमेऱ्याचा कांहींएक संबंध नसतो. पान फिकें आलें आहे पण कडेचीं अक्षरें ठसठशीत आहेत, तर डेव्हलपर व फिल्म दोन्ही ठीक. आपण प्रकाश कमी दिला. पानहि फिकें व अक्षरेंहि फिकीं, तर डेव्हलपर थकलेला किंवा थंड होता, अथवा फिल्म फार जुनी होती. भांडण्यापूर्वीं ही कड पाहावी.

मी हें न पाहतां एकदां भांडलों आहे, तो प्रसंग सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. वैशाख महिन्यांत कोंकणांतील एका घराण्याचे रुमाल पाहण्यास गेलों होतों. बरोबर एकाच घाण्याचीं बारा रिळें होतीं. उन्हाळा म्हणून तीं बर्फपेटींत ठेवून नेलीं, व मालकांनीं चारच दिवसांची मुदत दिली असल्यामुळें पेटींतून काढतांच एकामागून एक भरून कामास लावलीं. घरीं येऊन धुतल्यावर सात रिळांवर पानोपानीं ढगांसारखे डाग! तीनशें वर्षांच्या वतनाचे कागद, मालक वृद्ध, पुन्हां दार उघडेल कीं नाहीं याची शाश्वती नाहीं. त्या संतापांत मीं विक्रेत्यास असें एक पत्र लिहिलें कीं तें आज वाचावयाची माझी तयारी नाहीं. त्या गृहस्थानें उत्तरीं वाद घातला नाहीं. त्याच घाण्याचीं दोन रिळें आपल्या शिलकेंतून पाठविलीं आणि घरच्या घरीं तपासून पाहण्याची विनंति केली. दोन्ही स्वच्छ निघालीं. तेव्हां कोठें मीं मोजपट्टी घेतली. डागांमधील अंतर बाहेरून आंत घटत गेलें होतें. म्हणजे दोष गुंडाळलेल्या स्थितींतला. समुद्रकांठच्या दमट हवेंत थंड रीळ उघडतांच त्याच्या वेढ्यांवर दंव धरलें होतें, जसें थंड पाण्याच्या तांब्यावर धरतें तसें. रिळें बंद डबींतच ठेवून कांहीं तास बाहेरच्या हवेशीं समरस होऊं दिलीं असतीं तर हें टळलें असतें. क्षमापत्र लिहिलें. त्या घरचें दार पुढील वर्षीं पुन्हां उघडलें हें माझें दैव. पण मधल्या पावसाळ्यांत दोन रुमाल भिजून गेले होते, व त्यांतील एकाचीं पानें त्या सात रिळांपैकीं दोहोंवर आहेत, डागांसकट.

याच्या उलट, दोष खरोखर मालांतच होता व त्याचा माग काढणाऱ्यानें तो अगदीं मुळाशीं नेऊन पोंचविला, असें एक उदाहरण प्रत्येक संशोधकानें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १९४५ च्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील रॉचेस्टर येथील कोडॅक कारखान्याच्या क्ष-किरणांच्या फिल्मवर न वापरतांच काळे ठिपके पडूं लागले. त्या कारखान्यांत ज्युलियन वेब नांवाचे पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ होते. असला प्रकार युद्धकाळांत पूर्वींहि एकदां झाला होता : घड्याळें व यंत्रें यांच्या तबकड्या अंधारांत चमकाव्यात म्हणून त्यांस रेडियम लावीत, त्या कारखान्यांतील रद्दी कागद पुठ्ठ्याच्या लगद्यांत गेला, आणि त्या पुठ्ठ्यानें आंतील फिल्म बिघडविली. तेव्हांपासून कोडॅकनें आपल्या फिल्मच्या वेष्टनाचा पुठ्ठा ज्यांच्या कच्च्या मालावर देखरेख ठेवतां येईल अशाच गिरण्यांतून घेण्याचें ठरविलें होतें. म्हणून या वेळीं दोष पुन्हां पुठ्ठ्याकडे येतांच आश्चर्य वाटलें. वेब यांनीं पुठ्ठ्याच्या खेपा आंकड्यांवरून वेगळ्या केल्या. दोषी पुठ्ठा इंडियाना संस्थानांतील व्हिन्सेन्स येथील गिरणीचा निघाला, व तो ६ ऑगस्ट १९४५ रोजीं तयार झाला होता. आयोवांतील टामा येथील गिरणीच्या मालांतहि पुढें तेंच आढळलें.

ती तारीख पाहून वाचकांच्या मनांत हिरोशिमा येईल, कारण दिवस तोच. पण त्या दिवशीं जपानांत जें झालें त्याचा परिणाम त्याच दिवशीं अमेरिकेच्या मध्यभागीं तयार होणाऱ्या पुठ्ठ्यावर होणें शक्य नाहीं. हा निव्वळ योगायोग होय, व तारखांच्या जुळणीवर भाळणाऱ्यांनीं तो ध्यानांत ठेवावा. वेब यांनीं तारखेवर न विसंबतां द्रव्याचीच परीक्षा केली. रेडियमसारख्या द्रव्यांतून निघणारे आल्फा किरण त्यांत जवळजवळ नव्हते, तेव्हां रेडियम हा जुना आरोपी सुटला. बीटा किरण होते, आणि त्यांचा जोर सुमारें महिन्याभरांत निम्म्यावर येत होता. निसर्गांत सांपडणाऱ्या ज्ञात द्रव्यांपैकीं कोणतेंच या वर्णनास जुळेना. जुळलें तें सेरियम १४१, जें युरेनियम किंवा प्लुटोनियम यांच्या अणूंचें भंजन झालें असतां निपजतें. आणि असें भंजन त्यापूर्वीं खुल्या आकाशाखालीं एकदांच झालें होतें : १६ जुलै १९४५ रोजीं न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डोच्या वाळवंटांत, अणुबाँबच्या पहिल्या चांचणीच्या वेळीं. तें ठिकाण व्हिन्सेन्सपासून हजार मैलांहून दूर. वाऱ्यानें वाहून नेलेली ती राख पावसाबरोबर खालीं आली, नदीच्या पाण्यांत मिसळली, आणि तेंच पाणी गिरणीनें लगद्यास वापरलें. वेब यांनीं हा सर्व शोध १९४९ सालीं 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. पुढें जानेवारी १९५१ मध्यें नेवाडांतील चांचण्यांनंतर रॉचेस्टर येथें पडलेल्या बर्फांतहि किरणोत्सर्ग आढळला, कोडॅकनें सरकारकडे तक्रार केली, व तेव्हांपासून अणुशक्ति आयोग फिल्मच्या कारखानदारांस चांचण्यांची आगाऊ सूचना देऊं लागला. आसपासच्या गांवकऱ्यांस तशी सूचना मिळत नव्हती, हें जातां जातां नमूद करतों.

ठिपक्यापासून पुठ्ठ्यापर्यंत, पुठ्ठ्यापासून गिरणीपर्यंत, गिरणीपासून नदीपर्यंत व नदीपासून आकाशापर्यंत हा जो माग लागला, तो केवळ खेपांचे आंकडे व तारखा कोणीं तरी लिहून ठेविल्या होत्या म्हणून लागला. आपल्या अभ्यासांत एखाद्या बनावट सनदेचा माग कागदाच्या जलचिन्हावरून काढतात, त्याच जातीचें हें काम आहे.

या प्रकरणांतील आरोपी पुठ्ठा होता ही गोष्टहि विचार करण्यासारखी आहे, कारण फिल्मच्या इतिहासांत कागदावर हा आरोप पुन:पुन्हां आला आहे. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत साठविलेल्या मायक्रोफिल्मवर तांबूस-पिंवळसर बारीक ठिपके दिसूं लागले. तेथील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेनें शोध केला तेव्हां असें आढळलें कीं हवेंतील व पुठ्ठ्याच्या खोक्यांतून निघणाऱ्या वायूंमुळें फिल्मवरील चांदी झिजून दुसरीकडे जमते. येथें फिल्म तयार करतांना किंवा धुतांना बिघडलेलीच असते असें नाहीं. ती निर्दोष ठेवली गेली व खोक्यानें तिला बिघडविलें. हे ठिपके रिळाच्या बाहेरच्या टोंकापासून आंत पसरतात, म्हणून मायक्रोफिल्म तपासणारानें आधीं बाहेरचे वेढे पाहावे. मोडी वाचणारास हा रोग विशेष घातक, कारण निगेटिव्हच्या काळ्या भागांत उजळ ठिपका म्हणजे छापलेल्या प्रतींत काळें टिंब, आणि काळें टिंब म्हणजे अनुस्वार. तिसरें उदाहरण २०१६ च्या सुमाराचें. १२० या आकाराच्या रुंद फिल्मच्या पाठीस कागद असतो व त्यावर चौकटींचे आंकडे छापलेले असतात. कोडॅकच्या कांहीं घाण्यांत ते आंकडे व अक्षरें फिल्मवरच उमटूं लागलीं. विक्री करणाऱ्या कंपनीनें दोषी घाण्यांचे आंकडे प्रसिद्ध केले व माल बदलून दिला. निसर्गदृश्याच्या आकाशांत '८' हा आंकडा दिसला तर कोणीहि हंसेल. पण दफ्तरांतील फर्दाच्या कोपऱ्यांत तोच पुसट '८' दिसला, तर फर्दाचा अनुक्रम समजून तो आपण खुशाल छापूं.

कागदाचा उल्लेख संपविण्यापूर्वीं फिल्मच्या आधारपट्ट्याविषयीं दोन शब्द. नायट्रेटची ज्वालाग्राही फिल्म जाऊन १९४८ पासून ट्रायॲसिटेटची आली, आणि ती सुरक्षित म्हणून गौरविली गेली. पण उष्ण व दमट हवेंत ती कुजून आंबते, अशी पहिली तक्रार दहा वर्षांच्या आंत भारत सरकारकडूनच गेली. डबा उघडतांच शिरक्याचा वास आला तर तें रीळ ताबडतोब इतरांपासून दूर करावें, कारण तो वास म्हणजेच आम्ल, व शेजारच्या रिळांस तें लागतें.

आतां नव्या मालाची परीक्षा. परगांवीं कागद पाहण्यास निघण्यापूर्वीं ती घरींच करावी. सर्व खोकीं घाण्याच्या आंकड्यांप्रमाणें वेगळीं लावून प्रत्येक घाण्यांतील एक रीळ खर्ची घालावें. चिक्कूपणा केल्यास तो पुढें महाग पडतो. त्या रिळाच्या पहिल्या भागांत सारख्या उजेडांत ठेवलेल्या कोऱ्या पांढऱ्या कागदाचीं चित्रें अशीं घ्यावीं कीं निगेटिव्हवर सपाट मध्यम करडा रंग यावा. लिहिलेल्या पानावर दोष लपतो, सपाट करड्यावर लपत नाहीं. शेवाळासारखे डाग व छिद्रें तेथेंच दिसतात. दुसऱ्या भागांत भिंगावर टोपण ठेवून कोऱ्या चौकटी पुढें सारीत जावें. तिसऱ्यांत बारीक अक्षरांचें एक परिचित पान घ्यावें. न वापरलेल्या भागाचा बोटभर तुकडा डेव्हलपरमध्यें न घालतां केवळ हायपोंत घालून स्वच्छ करावा. तो व धुतलेली कोरी चौकट शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे दोहोंत जेवढा फरक दिसेल तेवढें फिल्मचें धुकें. फरक अगदीं थोडा असावयाचा. तो डोळ्यांत भरण्याइतका असेल तर फिल्म जुनी आहे किंवा उष्णतेंत राहिली आहे. दोष आढळल्यास, ज्याविषयीं संशय नाहीं अशा दुसऱ्या घाण्याचा तुकडा त्याच कॅमेऱ्यांत, त्याच प्रकाशांत, त्याच भांड्यांत धुवून ताडून पाहावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. कॅमेरा, डेव्हलपर व फिल्म तिन्ही एकदम बदलून दोष गेला म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांस विचारावें कीं गेला कोणामुळें?

दोष फिल्मचाच ठरला तर त्या घाण्याचीं राहिलेलीं रिळें उघडूं नयेत. रिकामें खोकें, डबी, पाठीचा कागद, धुतलेली सदोष पट्टी व एक न उघडलेलें रीळ असा मुद्देमाल एकत्र बांधून ठेवावा, आणि विक्रेत्यास घाण्याचा आंकडा, मुदत, खरेदीची तारीख व मोजलेलीं अंतरें कळवावीं. विशेषणें घालूं नयेत. प्रामाणिक कारखानदार माल बदलून देतो, पण त्यापलीकडे कांहीं देत नाहीं; आपली जबाबदारी तेवढ्या फिल्मच्या किंमतीपुरतीच, असें खोक्यावर बारीक अक्षरांत त्यानें छापूनच ठेवलेलें असतें. प्रवासाचा खर्च, मालकाची मर्जी, आणि मधल्या काळांत नष्ट झालेला कागद यांचा भरणा कोणीहि करून देत नाहीं. म्हणून महत्त्वाच्या प्रत्येक पानाचीं दोन चित्रें घ्यावीं, तीं दोन निरनिराळ्या घाण्यांच्या रिळांवर. खर्च दुप्पट होतो हें कबूल. परंतु दोन निगेटिव्हवर एकाच अक्षराच्या एकाच बाजूस छिद्र पडण्याचा संभव इतका थोडा आहे कीं दोहोंत दिसणारें टिंब कागदावरचेंच समजण्यास हरकत नाहीं. दुसरें रीळ परवडत नसेल तर निदान पान किंचित् सरकवून त्याच रिळावर दुसरें चित्र घ्यावें. धूळ व छिद्रें यांपुरता त्याचाहि उपयोग होतो. पानाच्या शेजारीं मोजपट्टी, व भोंवतीं बोटभर मोकळी जागा, हीं असावींतच.

संशयित घाण्यावर पूर्वींच काढलेलीं चित्रें फेंकून द्यावीं काय? मुळींच नाहीं, वर सांगितलेल्या माझ्या सात रिळांपैकीं दोन आज एका रुमालाचीं एकमेव साक्षी आहेत. नोंदवहींत त्यांच्यापुढें घाण्याचा आंकडा व दोषाचें स्वरूप लिहावें, इतकेंच. मात्र त्यांस छायाचित्रकाराच्या हातीं 'साफ' करण्यास कधीं देऊं नये. लग्नाच्या चित्रांतील गालावरचे ठिपके शाईच्या कुंचल्यानें भरणारा तो कुशल कारागीर आपल्या निगेटिव्हवरील छिद्रांबरोबर खरे अनुस्वारहि भरून टाकतो, आणि त्याचें काम जितकें चांगलें तितकें तें मागाहून ओळखण्यास कठीण. अशा निगेटिव्हवरून पत्र छापावयाचें झाल्यास ज्या अक्षरावर किंवा आंकड्यावर संशय आहे तें चौकोनी कंसांत घालून खालीं टीप द्यावी, व टीपेंत 'अस्पष्ट' असें मोघम न लिहितां दोष कागदाचा कीं फिल्मचा तें लिहावें. माझ्या त्या पत्राच्या मितीपुढें आतां अशी टीप आहे, आणि निगेटिव्हच्या पाकिटांत त्या रिळाच्या खोक्याची कापून ठेवलेली चकती.